रेनकोट नवा, तरी आतून चिंब: दर पावसाळी ट्रेकची तक्रार आणि तिचा उलगडा

"दादा, अडीच हजार मोजले या रेनकोटला, आणि आतून बघा, पिळून काढावा लागेल."

माणसं बदलतात, गड बदलतो, रेनकोटची किंमत बदलते, पण पावसाळी ट्रेकला हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. तासाभराने माथ्यावर तीच व्यक्ती दुसरी तक्रार घेऊन येते: हुडहुडी भरलीय, दात वाजतायत, खाली कधी उतरायचं? लोकांना या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात. पहिलीवर उपाय म्हणून ते आणखी महाग रेनकोट घेतात, दुसरीवर आणखी जाड स्वेटर. पुढच्या जुलैत पुन्हा तेच.

मीही यातून गेलोय. कळसूबाई, जुलै महिना, बारी गावातून चढाई. आत गंजीफ्रॉक, त्यावर सुती टी-शर्ट, वर आतून कोटिंग असलेला जाडजूड रेनकोट, गाडीतून उतरल्यापासून हनुवटीपर्यंत चेन लावलेली. शेवटच्या शिडीपर्यंत मजेत होतो. घामाने डोळे चुरचुरत होते इतकंच. वर देवळापाशी वारा सुसाट, आणि ढग असा की दहा फुटांवरचा माणूस दिसेना. फोटो झाले, गप्पा झाल्या. मग बिस्किटाचा पुडा काढला, तर तो फोडायला बोटं वळेनात. शेवटी दातांनी फाडला. सगळे हसले, मीही हसलो. बोटं न वळणं ही हसण्यासारखी गोष्ट नाही हे फार नंतर कळलं. त्याबद्दल पुढे लिहितोच.

आधी ठरवा, पाणी आलं कुठून

रेनकोटला शिव्या देण्यापूर्वी घरी एक चाचणी करा. फिक्या राखाडी रंगाचा कोरडा टी-शर्ट घाला (त्यावर ओल लगेच दिसते), वर रेनकोट, टोपी डोक्यावर, आणि बाथरूममध्ये गार पाण्याच्या शॉवरखाली दहा मिनिटं नुसते उभे राहा. हालचाल नको. घरच्यांना आधी कल्पना द्या, नाहीतर भलतीच चर्चा सुरू होते. मग रेनकोट काढून टी-शर्ट बघा. खांद्याच्या शिवणीखाली, चेनच्या रेषेत किंवा मानेभोवती ओलं असेल तर रेनकोट गळतोय. टी-शर्ट कोरडा असेल तर रेनकोट ठणठणीत आहे, आणि डोंगरावर तुम्हाला भिजवलं ते तुमच्याच घामाने.

मी ज्यांना ज्यांना ही चाचणी करायला लावली, त्यांतल्या बहुतेकांचा टी-शर्ट कोरडा निघाला.

डोंगरावरही ओळखता येतं. सॅकच्या मागची पाठ, काखा, छाती आणि कोपराची आतली बाजू ओली असेल तर तो घाम. सॅकचे पट्टे खांद्यावर जिथे दाबले जातात नेमकं तिथेच ओलं असेल तर गळती; तिथली शिवणीवरची टेप सर्वांत आधी सुटते. तिसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही. शिडीचे गज किंवा वरचा कातळ धरायला हात वर केला की मनगटावरून पाणी आत शिरतं आणि ओघळत कोपरापर्यंत जातं. तिथे दोष ना कापडाचा ना घामाचा. मनगटाचा पट्टा आवळा, काम झालं.

एवढा घाम येतोच कशाला?

स्वस्थ बसलेलं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. पाठीवर सॅक घेऊन खडी चढण चढताना हाच आकडा पाच-सहा पट होतो. ती उष्णता बाहेर टाकायला शरीर घाम काढतं, आणि दमट हवेत जोराची चढाई असेल तर तासाला लिटरभर घाम सहज जातो. रेनकोट म्हणजे त्या बल्बवर घातलेली प्लास्टिकची पिशवी.

"पण माझा ब्रीदेबल आहे!" म्हणजे पाणी अडवून आतली वाफ बाहेर सोडणारा. असेलही. अशा जॅकेटच्या लेबलवर १०,००० वगैरे आकडा असतो. त्याचा अर्थ, एका चौरस मीटर कापडातून २४ तासांत इतके ग्रॅम वाफ बाहेर जाऊ शकते. तासाचा हिशोब केला तर ४०० ग्रॅमच्या आसपास, तोही प्रयोगशाळेत. आणि वाफ काही आपल्या मर्जीने बाहेर जात नाही; आतला बाष्पदाब (हवेतल्या वाफेचा दाब) बाहेरच्यापेक्षा किती जास्त आहे त्यावर ती जाते. अंगाजवळ ३३ अंशांची ओलसर हवा असते, तिचा बाष्पदाब साधारण ५० मिलिबार. हिमालयात शून्य अंशाला बाहेर फार तर ६ मिलिबार, म्हणजे फरक ४४ चा. सह्याद्रीत जुलैत २३ अंशांच्या ढगात तुम्ही चालत असता तेव्हा बाहेरच २८ असतो. फरक उरला २२. जॅकेट तेच, पण वाफ ढकलणारा जोर निम्मा. त्यात पावसाने बाहेरचं कापड भिजून जड झालं, की उरलंसुरलंही बंद. परदेशी व्हिडिओ बघून महागडं जॅकेट घेणारे इथेच फसतात. ते जॅकेट खोटं नाही, आपली हवा वेगळी आहे.

म्हणून पावसाळी सह्याद्रीत मी कोरडं राहायचा नाद सोडून दिलाय. चालताना ओला असलो तर असलो. थांबल्यावर वारा अंगाला लागता कामा नये आणि मुक्कामाला पोचल्यावर कोरडे कपडे मिळाले पाहिजेत, या दोनच गोष्टी मी सांभाळतो.

खरा गुन्हेगार: गंजीफ्रॉक

वर चांगली ड्राय-फिट जर्सी, आणि आत? सुती बनियन. "सवय आहे, त्याशिवाय बरं वाटत नाही." पुरुषमंडळींत हे सर्रास चालतं. वरच्या जर्सीचं सगळं काम आतला बनियन बुडवतो, कारण अंगाला चिकटलेला थर तोच असतो.

सुती धागा स्वतःच पाणी पितो, फुगतो आणि धरून ठेवतो. पॉलिएस्टरचा धागा जवळपास काहीच पीत नाही. पाणी धाग्यांच्या मधे अडकतं, पिळलं की बरंचसं निघतं आणि राहिलेलं चालता चालता उडतं. पॉलिएस्टर भिजत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, भिजतंच. पण सोडतंही लवकर. खात्री करायची तर एक सुती टी-शर्ट आणि एक जर्सी एकाच बादलीत बुडवा, सारखंच पिळा, पंख्याखाली टांगा आणि चहा पिऊन या.

आता माथ्यावरच्या हुडहुडीचं गणित. कपड्यांत पाव लिटर पाणी आहे असं धरा. ते वाळायला साधारण १४५ किलोकॅलरी उष्णता लागते. वाऱ्यात बसलात की त्यातली बरीचशी तुमच्या अंगातून खेचली जाते. आणि बसलेलं शरीर तासाला बनवतं साधारण ८५. म्हणजे पावणेदोन तासांची कमाई एका ओल्या बनियनच्या उधारीत गेली. वर, बारीपासून माथ्यापर्यंतची चढाई ८०० मीटरच्या आसपास, तेवढ्यात हवा चार-पाच अंशांनी गार झालेली असते ती वेगळीच. मग २० अंशांतही दात वाजतात. महाराष्ट्रात कसली आलीय थंडी, असं म्हणणारे याच हिशोबात मार खातात.

तेव्हा बनियन घरी. अंतर्वस्त्रंही सुती नकोत. मांड्या सोलवटतात त्याचं कारण बहुधा तेच. जीन्सबद्दल लिहायचा कंटाळा आलाय, पण अजून दर ट्रेकला एक जण तरी जीन्समध्ये येतो. भिजलेल्या जीन्समध्ये गुडघा वाकत नाही. शिडीवर पाऊल उचलताना मागून बघा, माणूस हाताने पँट वर ओढून पाय टाकत असतो.

लोकर? लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश पाणी आत घेऊनही अंगाला ओला लागत नाही. पावसापाण्यात मेंढरांमागे फिरणारा धनगर घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. पण भिजलेली घोंगडी पाठीवर वाहून बघा एकदा. मेरिनो लोकरीचे पातळ टी-शर्ट फार छान असतात, महाग असतात, आणि कातळाला घासले की भोकं पडतात. सह्याद्रीसाठी साधी खेळाची जर्सी पुरे.

पंधराव्या मिनिटाचा थांबा

लेअरिंग म्हटलं की लोक किती थर घालायचे ते विचारतात. कधी काढायचे ते कुणी विचारत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

पायथ्याशी गाडीतून उतरलो की गारवा जाणवतो, म्हणून सगळे जॅकेट चढवून चालायला लागतात. दहा-पंधरा मिनिटांत चढ सुरू होतो, अंग तापतं, मानेवर घाम येतो. त्या क्षणी थांबून जॅकेट काढलं पाहिजे. कुणी काढत नाही. कारण सोपं आहे: रांग पुढे जाते, मागे पडायची लाज वाटते, मागचा म्हणतो "चल ना रे". मग दीड तास माणूस स्वतःच्या वाफेत शिजतो आणि माथ्यावर चिंब होऊन पोचतो.

यावर एकच उपाय मला लागू पडलेला दिसलाय. लीडरने पंधराव्या मिनिटाला सगळ्यांना थांबवायचं आणि मोठ्याने सांगायचं, "एक थर काढा, पाणी प्या, बुटाच्या नाड्या आवळा." दोन मिनिटं जातात. लीडर नसाल तर स्वतः म्हणा, "दोन मिनिटं थांबा हो, जॅकेट काढतोय." तुम्ही काढलं की आणखी चौघं काढतात, बघाच. त्याहून बरं म्हणजे निघतानाच थोडं गारठलेलं निघायचं. चालायला लागण्यापूर्वी ऊबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय.

पाऊस रिमझिम असेल आणि चढ झाडीतून असेल तर मी रेनकोट घालतच नाही. नुसत्या जर्सीत भिजतो. पाऊस कोसळायला लागला किंवा उघड्या सोंडेवर आलो, की मग घालतो. तेव्हाही छातीपर्यंत चेन उघडी, काखेतल्या चेन असतील तर त्या पूर्ण उघड्या.

माथ्यावर थांबताना

इथे क्रम महत्त्वाचा. शेवटच्या टप्प्याच्या थोडं आधी, वाऱ्याच्या आडोशाला सॅक उतरवा. फोटो, बिस्किटं, "अरे तो समोर कोणता गड", हे सगळं नंतर. आधी फ्लीस (मऊ, फुगीर सिंथेटिक कापडाचं ऊबदार जॅकेट), त्यावर रेनकोट किंवा विंडचीटर, डोक्याला माकडटोपी. गारठा जाणवायची वाट बघू नका. तो जाणवला तेव्हा अंगातली ऊब खर्च व्हायला लागलेली असते.

आता एक प्रश्न हमखास येतो: ओली जर्सी काढून कोरडा टी-शर्ट घालू का? पुढे गुहा, घर किंवा गाडी असेल तर घाला. पण तासाभरात परत पावसातून उतरायचं असेल तर तुमचा एकमेव कोरडा टी-शर्ट असा उधळू नका. ओल्या जर्सीवरच पातळ फ्लीस चढवा आणि वर रेनकोट लावून टाका. फ्लीस ओलसर झाली तरी फुगीर राहते, तिच्यात हवा अडकून राहते, आणि अंगाच्या उबेवर जर्सीतलं पाणी तिच्यातून बाहेर सरकतं. दहा मिनिटं चिकचिक वाटतं, मग बरं वाटतं. पहिल्यांदा मलाही हे पटलं नव्हतं.

सॅकमधले कपडेच ओले निघाले

सॅकला रेनकव्हर आहे, तरी आत पाणी. रेनकव्हर तीन बाजूंनी झाकतं. चौथी बाजू तुमची पाठ. मानेवरून उतरलेलं पाणी पाठीच्या पट्टीतून सॅकमध्ये झिरपतं, किंवा कव्हरच्याच तळाशी साठतं, आणि सॅकचं बूड त्या डबक्यात बसून राहतं. म्हणून कव्हर असो-नसो, सॅकच्या आत एक मोठी जाड पॉलिथिनची पिशवी अस्तरासारखी घालायची, सामान तिच्यात, आणि तोंड पिळून दुमडायचं. मुक्कामाचे कपडे त्यात पुन्हा वेगळ्या पिशवीत. ती पिशवी मुक्कामाला पोचेपर्यंत उघडायची नाही, कितीही मोह झाला तरी.

पोंचो, छत्री आणि इरलं

भातलावणीच्या वेळी मावळात किंवा कोकणात खाचरात वाकलेली माणसं बघितली असतील. पाठीवर इरलं: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पानं, हल्ली वरून प्लास्टिक. पाऊस पाठीवरून ओघळून जातो आणि पुढून, खालून सगळं मोकळं. दिवसभर कष्टाचं काम करूनही माणूस आत उकडत नाही. दमट हवेतल्या पावसावर इतकं नेमकं उत्तर दुसरं नाही.

त्यातल्या त्यात जवळ जातो तो पोंचो. सॅकसकट झाकतो, खालून हवा खेळते. पण उघड्या धारेवर तो पतंगासारखा फडफडतो, आणि शिडीवर किंवा कातळातल्या पावठ्यांवर पायाखालचं दिसू देत नाही. तिथे तो काढून सॅकमध्ये टाका. मी एकाला पोंचोच्या टोकावर स्वतःचाच पाय देऊन भेलकांडताना बघितलंय. पठारावरच्या किंवा गावापर्यंतच्या सपाट वाटेला छत्रीसारखं सुख नाही. ट्रेकर लोक छत्रीला हसतात. हसू दे.

बुटांचं थोडक्यात: जुलैत वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. ओढ्यात एकदा वरून पाणी शिरलं की ते आतच राहतं. पाणी निथळून जाणारे, चांगल्या पकडीचे बूट, आणि मोज्यांची एक कोरडी जोडी त्या न उघडायच्या पिशवीत.

थंडीत आणि हिमालयात

डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणारेही याच चुकीत अडकतात, फक्त पाऊस नसल्यामुळे ती कळत नाही. तोलार खिंडीतून घामाघूम होऊन वर यायचं आणि त्याच कपड्यांत स्लीपिंग बॅगमध्ये शिरायचं. मग रात्री दोनला जाग येते आणि स्लीपिंग बॅगच्या नावाने बोटं मोडली जातात. मोज्यांसकट सगळं बदला. पहाटे कोकणकड्यावर बसायला जाताना अंगातले सगळे थर घाला, कारण तिथे चालायचं नसतं, बसायचं असतं.

केदारकंठाला हिवाळ्यात आपल्याकडची बरीच मंडळी जातात. मध्यरात्रीनंतर माथ्याकडे निघताना थर्मल, फ्लीस आणि पिसांचं जॅकेट असं सगळं एकदम चढवतात. अर्ध्या तासात आत घाम, तो पिसांत शिरतो, पिसं चपटी होतात आणि ऊब जाते. पिसांचं जॅकेट चालण्यासाठी नाहीच. ते सॅकमध्ये सर्वांत वर ठेवा, थांबलात की घाला, निघताना काढा. चालताना पातळ थर्मल, त्यावर पातळ फ्लीस, वारा असेल तर बाहेरचं जॅकेट. ब्रीदेबल जॅकेटचे पैसे मात्र इथे वसूल होतात. बाहेरची हवा कोरडी असल्याने वाफ खरोखर बाहेर जाते.

बोटं वळत नसतील तर

कळसूबाईच्या त्या बिस्किटाच्या पुड्याकडे परत येतो. चेन लावता न येणं, अडखळत चालणं, जीभ जड होणं, विनाकारण चिडचिड किंवा एकदम गप्प होणं ही शरीराचं तापमान घसरू लागल्याची लक्षणं आहेत. ते ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्यासाठी बर्फ लागत नाही. ओले कपडे आणि वारा पुरतो. त्या माणसाला स्वतःला ते कळत नाही, "मी ठीक आहे" असंच तो म्हणतो. त्याचं ऐकू नका. आडोशाला न्या, ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, डोकं झाका, खाली मॅट घाला, वरून प्लास्टिक गुंडाळा. पूर्ण शुद्धीत असेल तर गरम गोड चहा किंवा साखरपाणी. दारू अजिबात नको, हातपाय चोळणंही नको. ऊब न मिळताच कुडकुडणं थांबलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ती बरं वाटल्याची खूण नव्हे. आडवं झोपवा, कमीत कमी हलवा, गावातून मदत मागवा आणि १०८ ला फोन लावा.

आणि शॉवरमध्ये खरंच गळला तर

बाहेरच्या कापडावर पाण्याचे थेंब घरंगळत नाहीत, कापड काळपट होऊन पाणी पितंय, असं असेल तर वरचा लेप थकलाय. सौम्य द्रव साबणाने धुवा, कपडे मऊ करणारं कंडिशनर टाळा, नीट खळबळून वाळवा. लेबलवर इस्त्रीची खूण असेल तरच मधे कापड ठेवून हलक्या आचेवर इस्त्री फिरवा. लेप बऱ्याचदा जागा होतो. शिवणीवरची टेप सुटली असेल तर शिवण सील करायचा गोंद मिळतो, आतून लावून एक दिवस वाळू द्यायचा.

आतलं कोटिंग चिकट होऊन पापुद्रे सुटत असतील तर मात्र इलाज नाही. दमट कपाटात घडी करून ठेवलेल्या रेनकोटचं हे होतंच, म्हणून पावसाळा संपल्यावर तो कोरडा करून हँगरला टांगावा. माझा कळसूबाईचा रेनकोट असाच गेला. सध्या तो स्कूटरच्या सीटवर असतो, आणि ते काम चोख करतो.